बापूराव का हसले?

विश्रांतवाडीत पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन झालं त्या दिवशी टाकीत पाणी नव्हतं, पण स्टेजवर माणसं भरपूर होती. मधोमध माजी मंत्री बद्रीनाथभाऊ, त्यांच्या दोन्ही अंगांना महापालिकेचे इच्छुक, आणि मागच्या रांगेत ज्यांचे सत्कार उरकून झाले होते ती मंडळी. त्या रांगेत भगवा फेटा बांधून, मांडीवरची शाल आणि नारळ सांभाळत बापूराव बसले होते. टाकीखालची जागा त्यांच्या घराण्यानं दिलेली, शिवाय तीस वर्षं भाऊंचा माणूस म्हणून सगळ्या भागात नाव. तेव्हा खुर्ची मिळणं भागच होतं, मग ती मागच्या रांगेतली का असेना.

भाऊ बोलायला उभे राहिले. निवडणूक तोंडावर, समोर मांडव गच्च आणि हातात माइक, एवढं जुळून आलं की भाऊंचा स्वतःवर ताबा राहत नाही, हे त्यांच्या पत्नीनंही एका मुलाखतीत हसत हसत सांगितलेलं आहे. "पाणी कमी पडतं म्हणता," भाऊ गरजले, "का नाही पडणार? हे बाहेरून आलेले लोक! पाणी पुण्याचं पितात आणि मत गावाकडं जाऊन टाकतात!"

झालं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या वाहिन्यांवर होतं. एकीनं 'भाऊंची जीभ घसरली' म्हटलं, दुसरीनं 'भाऊ रोखठोक' म्हटलं. ज्याची जशी सोय. पण वाक्यापेक्षा जास्त गाजलं ते त्यामागचं दृश्य. भाऊंचं वाक्य संपतं न संपतं तोच त्यांच्या खांद्यामागं एक फेटेवाला म्हातारा मान मागं टाकून हसतो, मांडीवर थाप मारतो, नारळ घरंगळत जातो, तरी त्याचं हसणं थांबत नाही. वाहिन्यांनी त्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि खाली मोठ्या अक्षरात विचारलं, 'हा हसणारा कोण?'

विश्रांतवाडीत हे कुणाला विचारायची गरज नव्हती. बापूरावांच्या घरात तर मुळीच नव्हती. तिथं सगळे जेवायला बसले होते आणि सासऱ्याच्या डोक्याभोवतीचं लाल वर्तुळ बघून पूर्णिमाचा घास हातातच राहिला.

पूर्णिमा माहेरची वाशिम जिल्ह्यातली, म्हणजे भाऊंच्या हिशेबानं बाहेरून येऊन पाणी पिणारी. शिकायला पुण्यात आली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून चिकटली. तिच्या गावचा सोनू बापूरावांच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहायचा, दिवसा कारखान्यात आणि सुट्टीला बापूरावांच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर ड्रायव्हर. त्यानंच मधे पडून हिचं लग्न बापूरावांच्या संतोषशी जमवलं. लग्नानंतर तिनं मतदार यादीतलं नावसुद्धा इमानेइतबारे पुण्यात आणलं होतं. आता तिला सातवा महिना होता. रविवारी घरी डोहाळजेवण, आणि ते उरकलं की वडील तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी घेऊन जाणार, असं सगळं ठरलेलं होतं.

बापूरावांनी पडद्यावरच्या स्वतःकडे एकदा बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "आवाज बारीक कर."

"अण्णा, तुम्ही ट्रेंडिंगला आहात," संतोष म्हणाला. त्याला हसावं की घाबरावं हे कळत नव्हतं.

"मामा, तुम्ही का हसलात?" पूर्णिमानं विचारलं. सुनेनं सासऱ्याला मामा म्हणायचं ही त्या घरची रीत.

"हसू आलं, हसलो," बापूराव म्हणाले आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन आला. संजयराव गावचे सरपंच, त्यामुळे त्यांच्या ओट्यावर कायम माणसं आणि फोन कायम स्पीकरवर. लेकीशी बोलतानाही अर्धं गाव ऐकतंय याची त्यांना सवय झालेली होती.

"पूर्णिमा, म्या सोताच्या डोयानं पायलं," ते म्हणाले. "तो भाऊ आपल्याले पाणी पेणारे म्हणते, अन् तुया सासरा मांडीवर हात मारू मारू हासते. गावातलं लेकरू अन् लेकरू मले मोबाईल दाखवून रायलं. म्या काही त्या घराची पायरी चढत नाई. तू बसनं ये."

"बाबा, सातव्या महिन्यात बसनं? इतक्या लांब?"

"मंग सासऱ्याले म्हण, आनून सोड. हासत हासत." मागून कुणीतरी 'बरोबर आहे सरपंच' म्हणालं आणि फोन बंद झाला.

पूर्णिमाला रडू आलं. डोळे पुसून तिनं फोन बाजूला ठेवला. बाबा असे नव्हते. हसण्या-हसवण्यातला माणूस. सरपंचपदाच्या निवडणुकीची गोष्ट तर ते पाहुण्यांना इतक्या वेळा सांगायचे की तिला पाठ झाली होती. त्यांच्या विरोधातलं पॅनल भाऊंच्या पक्षाचं. गावातली तरणी पोरं सगळी पुण्याला पोट भरायला गेलेली, त्यामुळे निवडणूक हातची गेली असंच सगळे धरून चालले होते. आणि मतदानाच्या दिवशी दुपारी धुरळा उडवत एक गाडी आली, त्यातून गावची पोरंच पोरं उतरली. त्या गाडीची एक काच फुटलेली आणि तिथं भाऊंच्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा लावलेला: एक डोळा, अर्धी मिशी. "भाऊनं सोता अर्धं तोंड देऊन माये मतदार पाठोले!" असं म्हणून बाबा मांडीवर थाप मारायचे. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी ते निवडून आले होते. गाडी कुणाची, असं विचारल्यावर पोरं 'भाड्याची' म्हणाली होती.

आता तेच बाबा पायरी चढत नव्हते, आणि सासरा तोंड उघडत नव्हता.

तोंड उघडणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. भाऊंचा कार्यकर्ता योगेश सकाळीच आला. पांढरा शर्ट, कानाला फोन, आणि दुसऱ्या हातात अजून एक फोन.

"अण्णा, फक्त दोन वाक्यं बोला," तो म्हणाला. "व्हिडिओची मोडतोड झालीय, मी हसलोच नाही."

"हसलो की," बापूराव म्हणाले.

योगेश ओसरीवरून बाहेर गेला, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि परत आला. "मग असं बोला, हसलो आणि अभिमानानं हसलो. भूमिपुत्राचं हसू. वरून तसं आलंय आता."

"हसू आलं, हसलो. त्यात अभिमान कसला?"

गेटवर एका वाहिनीची तनया नावाची मुलगी माइक घेऊन उभी होती. तिनं बापूरावांना पाच मिनिटं मागितली, मग दोन, मग म्हणाली नुसतं एकदा तसं हसून दाखवा. शालूताईंनी, म्हणजे पूर्णिमाच्या सासूबाईंनी, तिला आत बोलावून चहा दिला आणि सांगितलं, "अगं, आमच्याकडं हे मागून मिळत नाही. मी तीस वर्षं वाट बघत्येय. या माणसाला असं हसताना मी याआधी एकदाच पाहिलंय, लग्नात म्हशीनं फोटोग्राफरला पाडलं तेव्हा." तनयानं हे कॅमेऱ्यासमोर बोलाल का म्हणून विचारलं. शालूताईंनी चहाचा कप उचलून नेला.

संध्याकाळी चर्चा रंगल्या. समोरच्या पक्षाचा प्रवक्ता म्हणाला, हे हसू म्हणजे विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या कष्टकऱ्यांचा अपमान आहे. भाऊंचा प्रवक्ता म्हणाला, स्थानिकांच्या हसण्यावरही आता बंदी का? एका समाजशास्त्रज्ञांनी बापूरावांच्या दातांत सत्तेचा माज बघितला. ते दात मागच्याच वर्षी बसवलेले होते. कुणीतरी त्या हसण्याचं स्टिकर केलं, आणि पूर्णिमाच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका मुलीनं सुट्टी मंजूर झाल्याबद्दल तेच स्टिकर टाकलं. हा माणूस कुणाचा सासरा आहे हे तिला माहीत नव्हतं. पूर्णिमानं अंगठा दाखवला आणि फोन उलटा ठेवला.

मग गंमत झाली. समोरच्या पक्षाच्या एका पुढाऱ्याची जुनी चित्रफीत सापडली. त्यात तो जवळजवळ शब्दशः हेच बोलला होता. त्या संध्याकाळी दोन्ही प्रवक्ते परत आले, आणि काल यानं म्हटलेलं आज त्यानं म्हटलं, तितक्याच पोटतिडिकीनं. अपमान वाटणारे संदर्भ तपासायला सांगू लागले आणि संदर्भ सांगणाऱ्यांना अपमान वाटू लागला. कोपऱ्यात बापूराव हसतच होते. ते तेवढे दोन्ही बाजूंना चालत होते.

पूर्णिमा हे सगळं बघत होती आणि तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा माणूस हसला का? तिला राग होताच. रोज सकाळी बापूरावांना चहा तीच नेऊन द्यायची, तो आता तिनं सासूबाईंच्या हाती पाठवायला सुरुवात केली होती. पण रागापेक्षा नवल जास्त वाटत होतं. भाऊंच्या विनोदांना बापूराव हसत नसत. 'त्येच्या ज्योकला मिशी फुटली' असं म्हणत. सत्काराच्या खुर्चीवर तर ते फोटोतल्यासारखे ताठ बसत. अशा माणसाचा नारळ घरंगळतो म्हणजे काहीतरी झालं असणार.

तिच्या कामात एक शिस्त होती. बिघाड कोणता ते सगळ्यांनाच दिसतं. तो नेमका कुठल्या क्षणी होतो ते आधी धरायचं. वाहिन्यांवरचा तुकडा सगळ्यांनी बघितला होता. अख्खा कार्यक्रम कुणी बघितला होता? योगेशनंच तो फेसबुकवर लाइव्ह केला होता, आणि इतके हार-तुरे सोसून कुणी तिथवर पोचलं नव्हतं. पूर्णिमा उशीला टेकून बसली, पोटावर लॅपटॉप ठेवायची सोय नव्हती म्हणून शेजारी स्टुलावर ठेवला, आणि दुपारभर बघत राहिली.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, सत्कार झाले. मग भाऊ उठले. 'पाणी पुण्याचं पितात आणि मत गावाकडं जाऊन टाकतात!' पूर्णिमा स्क्रीनकडं वाकली. मागच्या रांगेत बापूराव ताठ. हसणं सोडाच, शेजारचे टाळ्या वाजवत होते तेव्हा यांचे दोन्ही हात नारळावर होते.

भाऊ पुढं बोलले. "गाड्या भरभरून जातात गावाकडं मतदानाला! मला एकदा बघायचाच आहे तो माणूस. पुण्यात बसून या गाड्या भरून पाठवतो तरी कोण?"

आणि बापूराव हसले. आधी ओठ दाबले, मग समोर मांडवात कुणाकडं तरी बघितलं, आणि मग जे सुटले ते सुटलेच. नारळ इथं घरंगळला. वाहिनीनं हे पुढचं हसू उचलून मागच्या वाक्याला जोडलं होतं.

पूर्णिमानं ते परत परत बघितलं. आधी तिला हायसं वाटलं, मग कोडं अजूनच वाढलं. या वाक्यात हसण्यासारखं काय होतं? आणि मांडवात कोण होतं? योगेशनं कॅमेरा फिरवला तेव्हा शेवटच्या रांगांमध्ये एक माणूस रुमालात तोंड खुपसून खांदे गदागदा हलवत होता. रुमाल बाजूला झाला. सोनू.

संतोष घरी आल्यावर तिनं त्याला दाखवलं. तो उडालाच. "अगं, हे आत्ता तनयाला पाठव! अण्णा क्लीन आहेत!"

"थांब," पूर्णिमा म्हणाली. "उद्या ती विचारेल, मग या वाक्याला का हसले? तेव्हा काय सांगायचं?"

ती मागच्या खोल्यांकडं गेली. सोनू पहिल्या पाळीहून येऊन दारात बसला होता. तिला बघून उभा राहिला आणि तिनं प्रश्न विचारायच्या आत म्हणाला, "ताई, मले काई माईत नाई."

"मी काही विचारलंच नाही अजून."

"तरी माईत नाई. मामाले विचारा."

"सोनूदादा, बाबा डोहाळजेवणाला येत नाहीयेत."

सोनूचं तोंड पडलं. तो खाली बघू लागला, मग उगाच पाण्याच्या ड्रमकडं गेला आणि त्यावरचं झाकण सारखं करू लागला. खोल्यांना एक दिवसाआड पाणी, त्यामुळे प्रत्येक दारात निळा ड्रम आणि त्यावर काही ना काही झाकलेलं. सोनूच्या ड्रमावर फ्लेक्सचा तुकडा होता. चारी कोपरे गोलसर कापलेला, कडेला चिकटपट्टीचे डाग. पूर्णिमाचं लक्ष गेलं ते सोनू तो तुकडा उलटा करायची धडपड करत होता म्हणून. तिनं त्याचा हात धरला.

एक डोळा. अर्धी मिशी. खाली 'दिक शुभे' एवढीच अक्षरं.

बाबांच्या गोष्टीतलं ते अर्धं तोंड! पोटातलं बाळसुद्धा हललं, किंवा तिला तसं वाटलं.

मग सोनूनं सगळं सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी एकदा जेवताना ती म्हणाली होती, बाबांची निवडणूक अटीतटीची आहे, पोरं सगळी इकडं, कोण जाणार मत द्यायला. कंपनीत सुट्टी नाही म्हणून तिला स्वतःला गावी जाता येत नव्हतं, आणि यादीत नाव इकडं आल्यामुळे जाऊन उपयोगही नव्हता. बापूरावांनी तेव्हा नुसता भाकरीचा तुकडा मोडला होता. जेवण झाल्यावर ते खोल्यांकडं आले, गावची पोरं गोळा केली आणि सोनूच्या हातात ट्रॅव्हलरची किल्ली ठेवली. घरी सांगितलं, गाडी तुळजापूरला गेलीय. वाटेत जालन्याजवळ खडीच्या ट्रकनं काच फोडली. टपावरचं सामान झाकायला भाऊंचा फ्लेक्स होताच, तोच कापून लावला. येताना नवी काच बसवून आणली.

"मामानं शपथ घातली होती ताई. अन् त्या दिवशी भाऊ इचारते, गाड्या कोन भरून पाठोते? मामानं मायाकडं पायलं. म्या मामाकडं पायलं. मंग काय?"

बापूराव मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते. पूर्णिमा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तो फ्लेक्सचा तुकडा पुढं धरला. त्यांनी भाऊंच्या अर्ध्या तोंडाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"सोन्या लई नाजूक हाय," ते म्हणाले. "एक गोष्ट पोटात ठरत न्हाय."

"मामा, मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं आसतं तर तू बाला सांगितलं आसतंस. आन् तुझा बा फोन स्पीकरवर ठिवतो." त्यांनी आवाज खाली आणला. "मतदार गाडीत घालून न्यायचे न्हाईत, कायदा हाय पोरी. पडलेला गडी टपूनच बसलाय. तो गेला आसता कोर्टात, आन् पाव्हण्याची खुर्ची गेली आसती."

"म्हणून टीव्हीवर शिव्या खाताय?"

"शिव्या काय, चार दिस देत्यात. दुसरा कोन तरी काय तरी बोलंल, मग त्येला देत्याल." त्यांनी झाडाची एक वाळकी काडी मोडली. "पर सकाळचा चहा मातूर सासूच्या हातचा पाठवाया लागलीस. ते बरं न्हाय झालं."

पूर्णिमाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लाज वाटली, आणि या आडमुठ्या माणसाबद्दल माया दाटून आली. तरी एक गोष्ट टोचत होती, आणि ती पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"ते आधीचं वाक्य, मामा. बाहेरचे लोक, पाणी पितात. त्याचं काही वाटलं नाही?"

बापूरावांनी तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. "टाळी वाजवली न्हाय," ते म्हणाले. "पर उठूनबी गेलो न्हाय. उठाया पायजे हुतं. डोक्याला त्येंचा फेटा हुता, उठवंना." मग म्हणाले, "ते मातूर तुझ्या बाचं खरं हाय. त्येवढ्यासाठी तो न आला तर माझं काय म्हणणं न्हाय."

"ते येतील," पूर्णिमा म्हणाली. "शनिवारी त्यांना आणायला गाडी पाठवा. आपली. सोनूदादाला पाठवा."

"गाडी बगून येनार हाय का तो?"

तिनं हातातला तुकडा दाखवला. "खिडकीची काच खाली करा आणि हा लावा."

"आगं, वळखंल तो!"

"गाडी रात्रीची बाबांच्या शेताकडं न्यायची, म्हणजे फक्त तेच ओळखतील. बाकीच्यांना तो फ्लेक्सच दिसेल."

बापूरावांनी मिशीवरून हात फिरवला. या खेपेला त्यांना हसू आवरावं लागलं.

शनिवारी पहाटे गाडी गेली. तोवर दूर कुठल्यातरी जिल्ह्यात एका आमदारानं शिक्षकांबद्दल काहीतरी बोलून ठेवलं होतं, त्यामुळे तनया आणि तिचा कॅमेरा तिकडं पळाले होते. गेटसमोरचा रस्ता पुन्हा भाजीवाल्याच्या ताब्यात आला. इकडं पूर्णिमाला मात्र चैन नव्हतं. सोनूचा फोन लागत नव्हता. बाबांना आपण होऊन करायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, कारण स्पीकर.

रविवारी सकाळी अंगणात मांडव होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, शेजारणी, पाच तऱ्हेचे लाडू. योगेशही आला होता, भाऊंच्या वतीनं पेढ्यांचा पुडा घेऊन. शालूताई दर थोड्या वेळानं 'आता ओटी भरायला घेऊ या का' म्हणून विचारत होत्या आणि पूर्णिमा 'थोडं थांबा' म्हणत होती. बापूराव गेटपाशी उभे होते. डोक्याला साधी टोपी, फेटा नव्हता.

गाडी वळली. आधी दिसला तो खिडकीतला डोळा आणि अर्धी मिशी.

"वा!" योगेश उद्गारला. "भाऊंचा फोटो! अण्णा, एवढं सगळं होऊनसुद्धा तुमची निष्ठा काही ढळली नाही!" त्यानं पटकन फोन काढला आणि फोटो घेतला.

दार उघडलं. आधी पूर्णिमाची आई उतरली, मग मावशी, मग संजयराव. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, चेहरा गंभीर. ते बापूरावांकडं आले नाहीत. गाडीला वळसा घालून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी फ्लेक्सवर बोट टेकवलं. तिथंच उभे राहिले, पाठमोरे. शेजारणी वळून बघू लागल्या. पूर्णिमा पाटावरून अर्धवट उठली.

संजयरावांची पाठ हलू लागली. आधी थोडी, मग चांगलीच. ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बापूरावांच्या तोंडाकडं बघून, गावापासून दाबून आणलेलं हसू सुटावं तसे, ते मान मागं टाकून हसले, मांडीवर थाप मारून हसले, इतके की टोपी पडली. बापूरावांनी वाकून टोपी उचलली, झटकली, व्याह्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतःही सुटले. दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून उभे होते, आणि गाडीच्या चाकाशी सोनू रुमालात तोंड खुपसून.

"मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी," शालूताई म्हणाल्या. "आणि योगेश, तू आधी."

योगेशनं फोन खिशात घातला, पण त्याला राहवेना. तो संजयरावांजवळ गेला. "सरपंच, भाऊंचा फोटो बघून एवढं हसू कशाचं आलं?"

संजयरावांनी डोळे पुसले. एकदा व्याह्याकडं बघितलं, एकदा लेकीकडं.

"काई नाई हो," ते म्हणाले. "हासू आलं, हासलो."